सायखेड्याचा कांदा एडनला निघाला त्याची हकीकत

आमच्या नाशकात कोणी परगावाहून परतला की त्याला दोनच गोष्टी विचारतात. पाणी बाधलं नाही ना, आणि जेवणाचे हाल झाले नाहीत ना. मी मुंबईहून आलो तेव्हा मलाही चार जणांनी हेच विचारलं. दोन्हींची उत्तरं देऊन झाली, पण "मास्तर, काय पाहिलंत?" असं विचारणारा एकही निघाला नाही. म्हणून लिहायला बसलो आहे. राणीच्या बागेचं किंवा चौपाटीचं वर्णन ज्यांना हवं असेल त्यांनी पुढं वाचू नये, कारण मी त्यांतलं काही पाहिलं नाही.

मी गेलो ते कांद्याबरोबर. मालगाडीची एक अख्खी वाघीण भरून कांदा, आणि तोही चातुर्मासात! आमच्या घरी आषाढात कांदेनवमीला भजी, थालीपिठं, झुणका असा काय तो कांद्याचा शेवट होतो, आणि मग कार्तिकी एकादशीपर्यंत कांदा उंबऱ्याच्या आत येत नाही. त्यामुळं माझा बेत ऐकून आमच्या सौभाग्यवतींनी कपाळाला हात लावला. "जन्मभर इंग्रजी शिकवलंत, आता पेन्शनीत कांदे विका," एवढंच बोलून त्या आत गेल्या.

मला या फंदात पाडलं कासमभाई बागवानांनी. कासमभाई आमचे जुने स्नेही. भद्रकालीच्या बाजारात त्यांचा कांदा-लसणाचा व्यापार, आणि त्यांची मुलं माझ्या हाताखालून गेलेली. दरसाल पावसाळा सरला की ते एडनला कांदा पाठवत. यंदा मात्र ते जरा घाबरेघुबरे होऊन घरी आले. इटलीनं हबशांच्या मुलखावर स्वारी केल्याची बातमी नुकतीच वर्तमानपत्रात आली होती.

"मास्तर, गोदीतल्या हापिसात दरसाल माझं हिंदुस्तानीवर भागतं," ते म्हणाले. "पण यंदा तिथले लोक सरळ तोंडानं बोलत नाहीत म्हणे. साहेबाशी इंग्रजीत कोणी भांडलं पाहिजे. तुम्ही चला."

"कांदा तुमचा, आणि भांडू मी?"

"कांदा माझा असता तर तुम्हाला तोशीस दिलीच नसती. हा सायखेड्याच्या नावेचा कांदा आहे."

सायखेड्याची नाव म्हटल्यावर मी जायला तयार झालो. तिची गोष्ट आमच्या तालुक्यात सगळ्यांना ठाऊक होती.

सायखेडा

नाशकाहून निफाडच्या रस्त्यानं गेलं की चांदोरी लागतं, आणि चांदोरीसमोर गंगेच्या पलीकडं सायखेडं. आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो. बाजार, दवाखाना, आगगाडीचं स्टेशन, सगळं चांदोरीच्या बाजूला. त्यामुळं सायखेड्याच्या माणसाला पाऊलभर कुठं जायचं तर नदी आड येते. गेल्या साली महापुरात गावची नाव फुटली, आणि ती चालवणारा रामा कोळी तिच्याबरोबर गेला. त्याचा थोरला भाऊ भिवा तेव्हा काठावर उभा होता.

तेव्हापासून सायखेडेकर काहिलीतून नदी ओलांडतात. काहील म्हणजे उसाचा रस आटवायची भलीमोठी लोखंडी कढई. एरवी तिच्यात गूळ होतो, आणि नाव नसली की तिच्यात माणसं बसतात. ज्यांनी हा प्रवास केलेला नाही त्यांना सांगतो, की काहिलीला पुढची बाजू नसते. बसलं की ती जागच्या जागी गिरक्या घेते. आपण चांदोरीकडं तोंड करून बसावं, तर नदीच्या मध्यावर आपलं तोंड पैठणकडं झालेलं असतं. आम्ही गोण्या न्यायला गेलो तेव्हा मी काठ दोन्ही हातांनी धरून रामरक्षा म्हणत होतो, आणि भिवा पाण्यात पोहत एका हातानं काहील ढकलत होता.

"गुर्जी, हालू नगा," तो म्हणाला.

"मी हलत नाही, ही तुझी कढई हलते आहे!"

"मंग तिला तुमचा पाढा आईकवा, ती उगी ऱ्हाईल."

भिवा पन्नाशीचा, काळा, रुंद छातीचा आणि अतिशय हट्टी. गावानं असं ठरवलं होतं, की प्रत्येक घरानं आपल्या राखलेल्या उन्हाळी कांद्यातून आपापल्या ऐपतीप्रमाणं गोण्या द्यायच्या. तो कांदा कासमभाईंनी एडनला पाठवायचा, आणि येईल त्या पैशात पुढच्या पावसाळ्याआधी सागाची नवी नाव करायची. चातुर्मासात इकडं कांद्याला गिऱ्हाईक कमी, तिकडं एडनला चांगला भाव, म्हणून हा बेत. गावचा माणूस म्हणून भिवा बरोबर येणार होता. पुढं नाव त्यालाच चालवायची होती.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी गोण्या काठावर आणून रचल्या. वाळलेला, खणखणीत, गुलाबी कांदा. एवढ्यात गावातल्या बायका तांबे भरभरून आल्या, आणि सगळ्यांत पुढं भिवाची बायको सखू. तिनं हळद-कुंकू वाहिलं आणि पहिल्या गोणीवर गंगेचं पाणी ओतलं. मग प्रत्येकीनं आपापल्या घरच्या गोणीवर अख्खा तांब्या पालथा घातला.

कासमभाई किंचाळलेच. "अरे, अरे, काय करता? कांदा आहे का महादेव, अभिषेक करायला? सडेल सगळा!"

"चाचा, पान्यावर जायचं त्याला आधी गंगा दावावी लागती," भिवा शांतपणे म्हणाला. "आमची रीत हाय. गेल्या साली नाव नवी रंगवली आन तिला आंघोळ घालायची ऱ्हाईली. मीच म्हनलं, उद्या घालू. पाऊस उद्याची वाट बघत बसला नाय."

कासमभाईंनी गोणीला हात लावून पाहिला आणि हळूच मला म्हणाले, "जहाज दरसाल तयार उभं असतं. वर डेकवर वाऱ्यात टाकलं की सुकेल. अल्ला मालिक आहे." मग त्या ओल्या गोण्या एकेक करून काहिलीतून पलीकडं गेल्या. वाटेत आणखी भिजल्या असतील तर तेही गंगेचंच पाणी होतं.

देवळाली

आमची वाघीण मालगाडीला जोडली खरी, पण देवळालीला पोचताच ती काढून बाजूच्या रुळावर लोटली. लष्कराच्या गाड्या आधी सोडायच्या होत्या. फलाटावर खेचरं, पेट्या, घोंगड्यांच्या वळकट्या, आणि त्यांच्यामधून धावणारे गोरे-काळे शिपाई. कोणी म्हणे हे एडनला चाललेत, कोणी म्हणे मिसरला, कोणी म्हणे कुठं नाही, ही दरसालची कवायत. ज्याला त्याला दुसऱ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

आम्ही लिंबाच्या सावलीत बसून राहिलो. ऑक्टोबरचं ऊन डोक्यावर. लोखंडी वाघीण बंद, आणि आत ओल्या गोण्या. भिवा मधून मधून उठून दाराच्या फटीला नाक लावून यायचा. एकदा आला तो नाक पुसतच खाली बसला. कासमभाईंनी त्याच्याकडं पाहिलं आणि तसबीह, म्हणजे त्यांची जपमाळ, फिरवायला घेतली.

शेजारी एक बाई मूल घेऊन बसली होती. तिचा नवरा तोफखान्यात खेचरांवर होता आणि नुकताच गाडीत चढला होता. तिनं मला विचारलं, "गुरुजी, एडन कुठशी आलं हो? मुंबईच्या अल्याड का पल्याड?"

मी तिला सांगितलं, की मुंबईहून बोटीनं मावळतीकडं जावं, मध्ये नुसता समुद्र, आणि मग एका चिंचोळ्या समुद्राच्या तोंडाशी एडन. त्या चिंचोळ्या समुद्रातूनच विलायतेची सगळी जहाजं जातात-येतात, आणि त्याच्याच काठी हबशांचा मुलूख आहे.

"म्हंजे लढाई दाराशीच म्हना," ती म्हणाली. मग आमची वाघीण कुठं चाललीय ते तिला कळलं, आणि तिचा चेहरा जरा उजळला. "बरं झालं बाई. त्यास्नी भाकरीसंगं कांदा लागतो. तुमचा पोचला म्हंजे घरचाच पोचला."

मी मुलाच्या हातावर खडीसाखर ठेवली.

मुंबई बंदर

घाट उतरून मुंबईला पोचेपर्यंत माझ्या अंगाला, पंच्याला, इतकंच काय माझ्या संध्येच्या पळीला कांद्याचा वास यायला लागला होता. गिरगावातल्या खाणावळीत मी पानावर बसलो, तर शेजारचे गृहस्थ आपलं ताट उचलून दुसऱ्या टोकाला गेले. जेवणाचे हाल झाले का, याचं उत्तर इथंच देतो. आमटीत डाळ शोधावी लागत होती, भात मात्र पोटभर होता. कासमभाई भेंडीबाजारात आपल्या साडूकडं उतरले. भिवा कुठंच उतरला नाही. तो गोदीतल्या शेडमध्ये गोण्यांजवळच राहिला.

भिवानं समुद्र पाहिला तो क्षण मी विसरणार नाही. धक्क्याच्या टोकाला तो डोळ्यांवर हात धरून बराच वेळ उभा होता. आपल्याकडं माणूस समुद्र पाहून हात जोडतो, निदान "केवढा हो!" म्हणतो. भिवा काही तरी शोधत होता.

"गुर्जी, पल्याड कुठाय?"

"इथून दिसत नाही, भिवा. फार लांब आहे."

"पल्याड दिसंना तर वल्हं कुनीकडं मारायचं?" त्याला ते मुळीच पसंत पडलं नाही. खाली उतरून त्यानं ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि थूः करून टाकलं. "छ्या! एवढं पानी आन एक घोट कामाचा नाय."

जहाजाच्या एजंटाच्या हापिसात माझ्या इंग्रजीची काही गरज पडली नाही. तिथल्या म्हाताऱ्या पारशी कारकुनाला आमच्यासारखं मराठी येत होतं, आणि भांडायचं त्राण त्याच्यात उरलं नव्हतं. भिंतीवर मोठा नकाशा होता. त्यावर त्यानं पट्टी ठेवली.

"आवो शेठ, बघा. हे मुंबई, हे एडन. एडनच्या पुढे हा लाल समुद्र. त्याच्या ह्या बाजूला इटलीवाला तोफा उतरवते. आता विमावाला बोलते, ह्या पाण्यात बोट बुडली तर मी मेला. म्हणून त्यानं विमो वाढवला. विमो वाढला म्हणून मालकानं भाडं वाढवलं. वरती अर्ध्या बोटी सरकारनं नि इटलीनं कोळसा नि सोल्जर न्यायला भाड्यानं घेतल्या. राहिल्या त्या केटल्या? चार. नि माल केटला? सगळ्या दुनियेचा."

"पण आमच्या कांद्याचं काय?" कासमभाईंनी विचारलं.

त्यानं भाडं सांगितलं. ते गोणीतल्या कांद्याच्या किमतीहून जास्त होतं. "नि एवढं देऊनसुद्धा जागा मिळेल असं मी बोलत नाही," तो म्हणाला. "कोळसा थांबत नाही, तोप थांबत नाही. कांदा थांबेल, असं सगळ्यांना वाटते."

"एडनला भाव काय आहे?"

"भाव?" तो खिन्न हसला. "अरे, एडनमध्ये आज केवढी गर्दी! सोल्जर, खलाशी, हबशांकडून पळून आलेले लोक. तिथं कांदा सोन्याच्या भावानं जाईल. पण पोचला तर ना!"

भिवा तोवर नकाशाकडं बघत होता. तो एकदम पुढं आला. "सायेब, ही लढाई कुनाची?"

"इटलीची नि हबशाची."

"आमचं त्यांच्याशी काय वाकडं हाय?"

"काय नाय, भाई."

"मंग आमची वाट त्यांनी का आडवली?"

पारशीबाबानं चष्मा काढून पुसला. मला मात्र मनस्वी संताप आला. कुठला कोण तो इटलीचा सरदार, त्यानं सायखेडं नकाशात शोधायचं म्हटलं तरी त्याला सापडणार नाही, आणि त्याच्यापायी आमच्या पोराबाळांनी कढईत बसून नदी ओलांडायची!

मग रोज तेच. सकाळी हापिसात जायचं, नन्नाचा पाढा ऐकायचा, परत यायचं. शेडमध्ये आमच्यासारखेच आणखी किती तरी जण आपापल्या मालाशेजारी बसून होते. आणि एक दिवस सकाळी आम्ही गेलो, तर भिवा गोणीच्या तोंडाशी बसलेला. त्याच्या मांडीवर कांदे होते. काहींना हिरवे कोंब फुटलेले, आणि काही दाबले की बोट आत जाणारे.

"चाचा," तो म्हणाला, "तुमचं खरं झालं."

कासमभाई तसे तापट. पण ते त्याच्याशेजारी खाली बसले आणि त्यांनी आणखी एक गोणी उसवली.

शिडाचं गलबत

वाट निघाली ती कासमभाईंच्या साडूमुळं. शिडाची गलबतं लागतात त्या धक्क्यावर एक कच्छी नाखवा एडनला निघण्याच्या तयारीत होता. नारळी पौर्णिमेनंतर समुद्र निवळतो आणि कार्तिकाच्या सुमारास वारा तिकडं वाहायला लागतो, असं त्यानं सांगितलं. त्याच्या गलबताला कोळसा लागत नव्हता, आणि त्याचा विमा कोणी उतरवलेला नव्हता. त्यामुळं त्याचं भाडं जुनंच होतं. "इटलीवाला मेरे को क्या करेगा?" तो म्हणाला. "मेरी नाव तो उसको दिखेगी भी नहीं."

पण त्यानं गोणीत कोपरापर्यंत हात घातला, वास घेतला, आणि मान हलवली. हा असा माल तो घेणार नव्हता. एक सडका कांदा गोणी खातो आणि एक गोणी सगळं गलबत खाते. निवडून कोरडा करा, आणि वाटेत रोज वरखाली करायला, हवा द्यायला तुमचा माणूस द्या, नाहीतर राम राम, असं त्यानं बजावलं.

मग आम्ही निवडायला बसलो. सगळा कांदा एकेक गोणी करून धक्क्यावर उन्हात ओतला. कासमभाई, त्यांचा साडू, भिवा, आणि चातुर्मासात कांद्याचा वारासुद्धा वर्ज्य असलेला मी. दोन दिवस आम्ही चौघे वाकून नासका एकीकडं, चांगला एकीकडं करत होतो. डोळ्यांना नुसती धार लागलेली. भिवाच्या डोळ्यांना जी धार होती ती सगळी कांद्याची नव्हती. हा पाटलांचा, हा आमच्या आळीतल्या म्हातारीचा, असं तो गोणीची शिवण बघून ओळखायचा आणि नासका कांदा बाजूला टाकायचा. शेवटी निम्म्याहून जास्त टाकावा लागला. धक्क्यावरच्या शेळ्यांनीसुद्धा त्यातला अर्धा नाकारला.

"माणूस मी देतो," कासमभाई म्हणाले. "माझ्याकडं एक पोरगा आहे, समुद्रावर जाऊन आलेला—"

"मी जातो," भिवा म्हणाला.

"वेडा आहेस का? तू समुद्र पाहून चार दिवस झाले नाहीत!"

"चाचा, भिजवला आमी. आता कोरडा मीच ठेवनार." त्यानं घोंगडी झटकून खांद्यावर टाकली. "गावाला काय त्वांड दावू? कांदा कुजला, घरी आलो, आसं सांगू? आन मी नाव चालवनारा मानूस. तुमच्या नाखव्याला काय मदतच व्हईल माझी."

मी समजावलं, कासमभाईंनी शिव्या घातल्या, नाखव्यानं तर हसून पाठीवर थाप मारली. भिवा ढिम्म हलला नाही. तो अतिशय हट्टी होता हे मी वर लिहिलंच आहे.

गलबत सुटायच्या आधी तो फडक्यात भाकरी घेऊन माझ्याजवळ आला. निवडलेल्या ढिगातला एक कांदा त्यानं फळीवर ठेवला, बुक्कीनं फोडला, आणि अर्धा माझ्यापुढं केला.

"गुर्जी, तुमचं चातुर्मासाचं मला ठाव हाय. पर गावचा हाय. गोड निघाला का तेवढं सांगा."

मी घेतला. भाकरीबरोबर खाल्ला. सौभाग्यवती, शेजारी, उपाध्ये, कोणाचीही मला त्या क्षणी पर्वा वाटली नाही. "गोड आहे रे, भिवा," मी म्हणालो.

"मंग पोचंल," तो म्हणाला. "सखूला सांगा, शिमग्याच्या आत येतो म्हनाव."

शीड फुगलं आणि गलबत हळूहळू लांब गेलं. भिवा नाळेवर, गलबताच्या पुढच्या टोकावर, उभा होता, पाठ आमच्याकडं आणि तोंड समुद्राकडं. मला वाटतं तो अजून पल्याड शोधत होता.

परत

घरी आल्यावर मी खरं काय ते सांगून टाकलं. मला अंगणातच आंघोळ घालण्यात आली आणि पंचगव्य घ्यावं लागलं. ते निमूटपणे प्यायलो. दुसऱ्या दिवशी सायखेड्याला जाऊन सखूला निरोप दिला. तिनं एवढंच विचारलं, "घोंगडी नेलीया ना संगं?" मी हो म्हणालो.

दिवाळी गेली, संक्रांत गेली. वर्तमानपत्रात रोज हबशांच्या हारीच्या बातम्या यायच्या. मी त्यात एका शिडाच्या गलबताची बातमी शोधायचो. असली बातमी कोणी छापत नाही, हे मला कळत होतं, तरी शोधायचो.

शिमग्याच्या तोंडावर कासमभाई आले. त्यांच्या काखेत घोंगडी होती. ती भिवाची, हे मी दुरूनच ओळखलं.

नाखवा मुंबईला परतला होता आणि त्यानं सगळं सांगितलं होतं. भिवा गलबतावर रोज गोण्या वरखाली करायचा, उन्हात पसरायचा, संध्याकाळी पुन्हा भरायचा. खलाशांचा पाय ओला असला तर त्यांना गोण्यांजवळ फिरकू देत नसे. अरबस्तानच्या किनाऱ्याजवळ वादळानं गाठलं आणि लाटा वर येऊ लागल्या. ताडपत्री फाटली तशी भिवानं आपली घोंगडी गोण्यांवर घातली, आणि ती उडू नये म्हणून तिच्यावर स्वतः आडवा झाला. वादळ ओसरेपर्यंत तो उठला नाही. नाखवा ओरडला, "अरे, माल गेला तर जाऊ दे!" तर म्हणाला, हा माल नाय, नाव हाय. मग त्याला थंडीताप भरला. एडनचे डोंगर दिसायला लागले तेव्हा खलाशांनी त्याला उठवून बसवलं आणि पल्याड दाखवलं. ते पाहून तो हसला, असं नाखवा म्हणाला. किनाऱ्याला लागायच्या आधीच तो गेला. एडनला आपले गुजराती लोक आहेत, त्यांनी त्याला अग्नी दिला.

कांदा मात्र कोरडा पोचला होता. आणि लढाईच्या गर्दीनं तिथं असा भाव चढला होता, की उरलेल्या कांद्याचे पैसे दरसालच्या भावानं सगळ्या कांद्याचे आले असते त्याहून अधिक आले. ज्या लढाईनं आमची वाट अडवली तिनंच आमच्या नावेचा साग विकत घेऊन दिला. हा हिशेब मला आजतागायत जमलेला नाही, आणि कोणाला जमत असेल तर त्यानं तो मला कृपा करून समजावू नये.

सखूला सांगायला आम्ही दोघे गेलो. कासमभाई म्हातारे, पण तिच्यापुढं लहान मुलासारखे रडले. "बेटी, मला त्याला अडवता आलं नाही," ते म्हणत होते.

"त्यांना कुनी आडवलंय, चाचा," ती म्हणाली. मग घोंगडी छातीशी धरून ती आत गेली, आणि आम्ही ओसरीवर तिचं रडणं ऐकत बसलो.

अक्षय्य तृतीयेला नवी नाव पाण्यात उतरवायची होती. मी आदल्या दिवशीच गेलो. सकाळी गावातल्या बायका तांबे भरून काठावर आल्या, पण पाणी ओतायला कोणाचा हात पुढं होईना. सगळ्या सखूकडं बघत होत्या. कासमभाई मान खाली घालून उभे.

"थांबलात का?" सखू म्हणाली. "रीत हाय ती. घाला."

तिनंच पहिला तांब्या ओतला. मग सगळ्यांनी ओतले, आणि नाव आतून-बाहेरून न्हाऊन निघाली. नाव चालवणार कोण, हा प्रश्न मी मनात घेऊन आलो होतो. सखूनं पदर खोचला, वल्हं उचललं, आणि कोणी काही म्हणायच्या आत ती नावेत चढली. कोळ्याची लेक, कोळ्याची सून. तिला शिकवायची गरज नव्हती.

पहिला उतारू म्हणून त्यांनी मला बसवलं. मी फळीवर बसणार इतक्यात तिनं थांबवलं आणि ती घोंगडी चौपदरी करून फळीवर अंथरली.

"गुर्जी, हिच्यावर बसा. खाली वलं हाय."

मला बसवेना. माझा हात लागला तिथं घोंगडी मिठानं कडक झालेली होती.

"बसा की," ती म्हणाली. "वल्यात नगा बसू."

मी बसलो. तिनं वल्ह्यानं काठ रेटला आणि नाव सरळ चालू लागली. पल्याड समोर स्वच्छ दिसत होतं.